लॉरेटा उजवीकडे

२० ऑगस्ट, मंगळवार

रोजनिशी सुरू. डॉक्टर म्हणाले, फुटबॉलचा सीझन जवळ आला की तुमचं ब्लडप्रेशर चढतं, मनातलं कुठेतरी बाहेर काढत जा. लॉरेटाकडे काढायला गेलो. ती म्हणाली, व्हर्न, लग्न झाल्यापासून माझ्याकडेच काढतोयस, आता जरा कागदाकडे काढ. बायकोनं असं बोलावं का? पण असो.

संकल्प: यंदा जावयाच्या कामात तोंड घालायचं नाही. कर्ट आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवतो आणि तिथल्या टीमचा कोच आहे. दोन वर्षं सारखा हरतोय आणि गाव नाराज आहे. अशा वेळी सासऱ्यानं गप्प राहून पाठीशी उभं राहायचं असतं. मी उभा आहे.

फक्त एक मुद्दा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आमच्या नेब्रास्कात अजून बॉल हातात धरून पळवतात. तीन दांडगी पोरं मागे उभी करायची, एकाच्या पोटात बॉल कोंबायचा आणि त्यानं गर्दीत मुसंडी मारायची. दहा यार्ड जायला चार संधी मिळतात. आमची पोरं चारही संधींत डोकी फोडून घेतात आणि नऊ यार्ड जातात! अरे, जग कुठे गेलं! पाच पोरं मैदानभर पसरवा, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मागे मोकळा उभा करा आणि फेका. समोरचे धरून धरून कुणाला धरणार? शेंबड्या पोराला कळेल. जावईबापूंना कळत नाही.

पण मी बोलणार नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

बोललो. इलाजच नव्हता.

रविवारी दुपारी कर्ट, आमची ट्रिश आणि नात जोसी आमच्याकडेच जेवायला असतात. लॉरेटानं पोर्क, आंबट कोबी आणि डम्पलिंग, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, केले होते. ताटलीत डम्पलिंग नेमके पाच. आता पाच दिसल्यावर माणूस काय करणार? पसरवून दाखवले. दोन इकडे, तीन तिकडे, मागे मोहरीची बाटली म्हणजे क्वार्टरबॅक. जोसीनं डावीकडचा टोकाचा खाऊन टाकला. तरी डाव चालत होता, हे मी दाखवून दिलं.

कर्ट शांतपणे म्हणाला, बाबा, तुमचं बरोबर आहे, पण फेकणार कोण? आपल्या क्वार्टरबॅकनं, ऑटो बीमनं, वाऱ्याच्या विरुद्ध फेकलं तर बॉल त्याच्याच अंगावर येतो. मी म्हटलं, वारा हे कारण झालं. ट्रिश म्हणाली, बाबा, जेवू द्या हो त्याला.

जेवू दिलं. मला अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. मी याच शाळेकडून खेळलोय. १९७४ साल. जास्त करून बाकावर होतो. पण बाकावरून खेळ अधिक नीट दिसतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

काल पहिली मॅच. हरलो. बॉल पळवला, पळवला, पळवला. मला काही म्हणायचं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

आज फिल्मची मीटिंग. आमचा जुना रिवाज आहे. शुक्रवारची मॅच सोमवारी संध्याकाळी शाळेच्या कँटीनमध्ये भिंतीवर दाखवतात. कोचनं उभं राहायचं, गावानं बसायचं. कॉफी, दालचिनीचे रोल आणि प्रश्न. दात काढणारा डॉक्टर, न्हावी, डुकरं पाळणारे, सगळे विचारतात. ज्याला धड धावता येत नाही तो सगळ्यात आधी हात वर करतो.

ठरवून गेलो होतो की तोंडाला कुलूप. एकच प्रश्न विचारला. तो जरा लांबला. लोक मधे कॉफी आणून परत बसले म्हणे.

ड्वेन विशमायर मागून म्हणाला, व्हर्न, लेका, तू फेकाफेकीच्या गोष्टी करतोस कारण शाळेत तुला हातात बॉल कुणी कधी दिलाच नाही! सगळं कँटीन हसलं. कर्ट नाही हसला. पोरगं तसं चांगलं आहे.

ड्वेन म्हणजे धान्याच्या गोदामाचा मॅनेजर आणि स्कूल बोर्डाचा अध्यक्ष. गोदामासारखाच दिसतो. पळवापळवीचा कट्टर भक्त. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी कॉफीच्या दुकानात घालीन.

२९ सप्टेंबर, रविवार

महत्त्वाचा दिवस. डाव सापडला! गोललाइन अगदी तोंडाशी आली की वापरायचा. सगळ्यांना वाटणार, आता जाड्या पोराला बॉल देऊन घुसवणार. आणि आपण पाचही पसरवायचे, एकानं आतून उजवीकडे तिरकं कापायचं, आणि फेक.

प्रयोग परसात केला. लॉरेटा कपडे वाळत घालत होती. म्हटलं, मी तीन मोजले की उजवीकडे पळ. ती म्हणाली, पळणार नाही, चालीन. बरं, चाल. बॉल फेकला. माझ्या खांद्यात कट्ट असा आवाज झाला. पण लॉरेटानं तो झेलला! एका हातानं. दुसऱ्या हातात चिमट्यांची पिशवी होती.

डाव सिद्ध झाला. नाव ठेवलं, ‘लॉरेटा उजवीकडे’. हात गळ्यात बांधलाय. हे सगळं डाव्या हातानं लिहितोय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सलग दोन मॅच जिंकलो. दोन्ही बॉल पळवून. ड्वेन कॉफीच्या दुकानात छाती काढून बसला होता. मी त्याला समजावलं की समोरच्यांना धास्ती आहे, हे कधीही फेकतील म्हणून, आणि त्या धास्तीमुळे पळायला जागा मिळते. म्हणजे हा विजय फेकण्याचाच. ड्वेन म्हणाला, आम्ही एकदाही फेकलेला नाही. मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. तो उठून गेला. निरुत्तर!

१३ ऑक्टोबर, रविवार

कर्टच्या घरी जाऊन त्याला डावाचं चित्र दिलं. मोठ्या कागदावर, तीन रंगांत. ट्रिश म्हणाली, बाबा, लोक येताना ॲपल पाय आणतात, केक आणतात. कर्टनं चष्मा पुसला, चित्र नीट पाहिलं, दोन प्रश्न विचारले, घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाला, बाबा, मेहनत घेतलीत.

वापरणार नाही. मला माहीत आहे. आमची कदर नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ड्वेननं आज बाजूला घेतलं. म्हणाला, व्हर्न, तुझा जावई म्हणून आधी सांगतो. शुक्रवारी ब्रँट क्रीकच्या टीमला हरवलं तर ठीक. नाहीतर नोव्हेंबरमध्ये बोर्ड त्याची कोचची जागा काढून घेणार. लोक ऐकत नाहीत.

कोचची जागा गेली तर कर्ट या गावात राहणार नाही. ट्रिश जाईल. जोसी जाईल. रविवारी आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसणार.

ड्वेनला ठणकावून सांगितलं, कर्टला कुणी हात लावू शकत नाही, मी आहे त्याच्या मागे. तो म्हणाला, तीच तर त्याची अडचण आहे. काय बोलतो काही कळत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार

आज माझा वाढदिवस. सदुसष्ट. जोसीनं सकाळी फोनवर गाणं म्हटलं. संध्याकाळी मॅच. संकल्प: ओरडायचं नाही. ब्लडप्रेशरची गोळी घेतली. लॉरेटानं आणखी एक पर्समध्ये ठेवली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गाव रडतंय.

शेवटचे काही सेकंद. आम्ही चार गुणांनी मागे. बॉल गोललाइनपासून एका यार्डावर! एक यार्ड! आमच्याकडे तो जाड्या होल्गर, तीनशे पौंडांचा. नुसता पुढे पडला असता तरी सहा गुण मिळून जिंकलो असतो. आणि कर्टनं काय केलं? पोरं पसरवली आणि ऑटो बीमला फेकायला लावलं! बॉल सरळ ब्रँट क्रीकच्या पोराच्या हातात.

मी उभा राहून इतका ओरडलो की पुढच्या बाकावरच्या बाईंची टोपी पडली. पळव ना रे, पळव! मी आयुष्यभर फेकण्याचा पुरस्कर्ता आहे, पण कधी फेकायचं याला काही अक्कल लागते.

२८ ऑक्टोबर, सोमवार

फिल्मची मीटिंग. इतकी गर्दी की लोक भिंतीला टेकून उभे. दालचिनीच्या रोलला कुणी हात लावला नाही, म्हणजे बघा.

तो शेवटचा डाव तीनदा दाखवायला लावला. जावयाची बाजू सावरायची तर कडक बोलणारा घरचाच हवा, म्हणजे बाहेरच्यांची धार कमी होते. असा विचार करून मी उठलो. म्हटलं, कर्ट, तू शहाणा माणूस आहेस, हा डाव तुझा असूच शकत नाही. कुठल्या गाढवानं तुझ्या गळ्यात मारला, त्याचं नाव सांग, आणि त्याला या गावातून हाकला!

टाळ्या पडल्या. ड्वेनसुद्धा वाजवत होता. मला तिथे कधी टाळ्या पडल्या नव्हत्या.

कर्ट माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, डाव माझा होता. मीच काढला.

मी काय करणार? मी त्याला वाट काढून दिली होती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काल पार्किंगमध्ये ट्रिशनं गाठलं. आधी डोळे पुसले. मग म्हणाली, बाबा, तो तुमचा डाव होता. तुमचाच. तिरंगी.

शक्य नाही. माझ्या डावात शेवटी झेल असतो.

लॉरेटाला विचारलं. ती म्हणाली, मला मॅच बघतानाच कळलं, माझ्यासारखंच ते पोरगं उजवीकडे गेलं. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू ओरडत होतास.

नीट विचार केला. डाव माझा नव्हताच. बीमनं उशीर केला, त्या पोरानं दोन पावलं जास्त घेतली, वारा उत्तरेचा होता. म्हणजे चित्र माझं, पण डाव त्यांचा. तरी माझं मन मोठं आहे. बोर्डापुढे उभा राहून सरळ सांगणार: कोचचा दोष नाही, डाव मी दिला. कर्टची जागा वाचलीच समजा.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ

आज संध्याकाळी बोर्डाची मीटिंग. गावातल्या कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. नाव नोंदवलंय. ट्रिशला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, खरंच सांगाल ना, बाबा? आवाज लहानपणीसारखा. म्हटलं, तुझ्या बापावर भरवसा नाही?

सूट इस्त्री केला. लॉरेटानं टाय बांधून दिला आणि गालावर हात ठेवला. खूप दिवसांनी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तीन मिनिटं फार कमी आहेत. हा नियमच चुकीचा आहे.

एकदम ‘डाव मी दिला’ म्हणालो असतो तर लोकांना डाव मूर्खपणाचा वाटला असता. म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी दिली. १९७४पासून सुरुवात केली. मग पाच जण पसरवण्यामागचा विचार. टेबलावर पेनं मांडून दाखवली, सेक्रेटरीबाईंनी पेनं दिली, चांगल्या आहेत. मुद्द्यावर येणारच होतो. अगदी ओठांवर होतं. ड्वेननं घंटी मारली.

अर्धं मिनिट मागितलं. तो म्हणाला, व्हर्न, बस. मी आणखी काही बोलू शकलो असतो. जाता जाता दारातून सांगितलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. पण नियम तो नियम.

चार विरुद्ध दोन. कोचची जागा गेली. इतिहास शिकवायला राहा म्हणाले. कर्टनं आभार मानले आणि जोसीचा कोट शोधायला गेला.

ट्रिश माझ्या समोरून गेली. थांबली नाही.

घरी येईपर्यंत लॉरेटा गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काय, नुसता अंधार आणि कापलेली मक्याची शेतं.

५ डिसेंबर, गुरुवार

कॉफीच्या दुकानात ड्वेननं पाठ थोपटली. म्हणाला, व्हर्न, तुझंच खरं झालं लेका, नवा कोच फेकणारा आणतोय. पाच पसरवतो. लोक आता तेच मागतायत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून कप उचलले.

इतक्या वर्षांनी गावाला पटलं. मला आनंद व्हायला हवा. कप तसाच ठेवून घरी आलो.

कर्टला वायोमिंगमध्ये काम मिळालंय. लहान शाळा. दुय्यम कोच. गाडीनं नऊ तास.

लॉरेटा म्हणाली, त्याला जाण्याआधी काहीतरी चांगलं बोल. म्हटलं, बोलणार आहेच. तयारी करतोय.

२८ डिसेंबर, शनिवार

गेले.

सकाळी ट्रक भरला. मी दोऱ्या बांधत होतो, खांद्यामुळे एकाच हातानं. कर्टनं मागून येऊन गाठी परत आवळल्या. ट्रिशनं मला मिठी मारली, पण आईला मारली तशी नाही. जोसी म्हणाली, आजोबा, तिकडे डोंगर आहेत.

शेवटी आम्ही दोघंच ट्रकच्या मागे उरलो. मी विचारलं, कर्ट, तू तो डाव का काढलास? होल्गर होता ना तुझ्याकडे. एक यार्ड होतं.

तो जरा हसला. म्हणाला, तुमचा वाढदिवस होता, बाबा. इतक्या जवळ आलोच होतो. म्हटलं, चालला तर एकदा तरी तुम्ही मला शाबास म्हणाल.

हातात किल्ल्या होत्या, पण जात नव्हता. थंडीत नुसता उभा होता. मला काय म्हणायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. महिनाभर तयारी केली होती. तोंड उघडलं.

म्हणालो, डावीकडे फेकायला हवं होतं.

तो म्हणाला, हो, बाबा. आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.