न्हाणीच्या पाइपाभोवतीची फट

३ मे
सकाळी रेखा, धाकटी जाऊ, जिना चढून आली.
"आक्का, आज आंघूळ नका करू. ह्यायला सुट्टी हाय."
कळेना. मग तिच्या डोळ्याखालचं काळंनिळं दिसलं. माझ्या गच्चीवरच्या न्हाणीचा पाइप स्लॅबमधून तिच्या स्वयंपाकघरात उतरतो. मी पाणी ओतलं की पाइपाभोवतीच्या फटीतून तिच्या ओट्यावर ठिबकतं. ओटा भिजला की तिचा नवरा महादू तिला मारतो.
वीस वर्षं मानवत ते पूर्णा, गावोगावच्या बायकांना सांगत फिरले, उगारलेला हात धरा. आणि माझी आंघोळ तिच्या पाठीवर.

४ मे
नुसते हातपाय धुतले. तेवढंही उतरलं. फटीतून सगळं ऐकू येतं. ताटली आपटली. मग पट्टा. तिचा आवाज नाही, पट्ट्याचाच.
खाली धावले. म.च्या कानाखाली दोन दिल्या. गाल चोळत हसला.
"वहिनी, भाषण वर करा. तुमच्या पाण्यापायीच मार खायलीय ती."
रात्रभर तेच वाक्य. खरं आहे, असं वाटत राहिलं.

६ मे
कारणच उपटायचं. पुस्तकांनी हेच शिकवलं. मिस्त्री लग्नात अडकलेला. स्वतःच घमेलं घेऊन पाइपाभोवती सिमेंट थापलं. चांगलं जाड.

८ मे
उन्हाने पाइप सरकला, सिमेंट गोल तडकलं. मला दिसलं नाही. आंघोळ केली.
न्हाणीत पाइप थरथरला, तेव्हा माझा हात त्यावरच होता. खाली त्याने तिचं डोकं पाइपावर आदळलं होतं. एकदा नाही.
तीन टाके. डॉक्टरांना म्हणाली, पाय घसरला. रिक्षात मी म्हणाले, चल, पोलीस ठाण्यात जाऊ. तिने माझा हात गच्च धरला.
"आक्का, आदी पाणी बंद करा."

९ मे
गफूर मिस्त्री आला. माझं काम पाहून कपाळाला हात.
"बाई, गुळगुळीत पाइपाला शिमिट धरतंय व्हय? घासा, सोल्युशन लावा, वाळू चिटकवा. मग शिमिट वाळूला धरतंय."
फोडायला छिन्नी-हातोडा मीच घेतला. प्रत्येक घावाला म.चं तोंड समोर. बोटाची साल गेली तरी थांबले नाही.
"बाई, दमानं. स्लॅब हाय तो, मानूस न्हाई."
मग त्याने पाइप काचकागदाने घासला, वाळू बसवली, वरून-खालून सिमेंटचा मसाला ठासला, पाणी अडू नये म्हणून बुडाशी उतरता वाटा दिला. खालून काम चालू असताना म. स्वतः स्टूल धरून उभा. गोडीत. मिस्त्रीला चहाही.

१२ मे
न्हाणीच्या पाइपाचं तोंड बांधून दिवसभर पाणी तुंबवून ठेवलं. खाली थेंब नाही. आवाज नाही.
सायंकाळी पालमला सभा. बोलले, घाव कारणावर घाला. टाळ्या पुष्कळ. परतीच्या एसटीत खूप दिवसांनी झोप लागली.

१५ मे
तीन दिवस खाली शांत. मनसोक्त आंघोळ केली, केसांवरून. मग तिला सांगावं म्हणून खाली गेले. म. कामावर. रेखा भाकरी थापत होती, डाव्याच हाताने. उजवं मनगट सुजून दुप्पट.
"गळलं का गं परत?"
"न्हाई आक्का. पार कोरडं हाय." ओटा पुसून दाखवला. "हे भाजीत मीठ कमी पडलं म्हणून."
"हाक का नाही मारलीस?"
"मारली की. ह्ये म्हणायलेत, आता फट बुजली, कितीबी वरड, वर जात न्हाई."
मी म्हणाले, वर माझ्याकडे ये. आत्ता, आहे तशी.
"भाकर तव्यावर हाय, आक्का."
मी गॅस बंद केला. ती जागची हलली नाही. पण परत पेटवलाही नाही.