खिशातले फ्यूज

जांभूळ,
सोमवार, संध्याकाळ

प्रिय प्राची,

पुण्यात थंडी किती आहे ते विचारत नाही. फोनवर तू रोज "बरं आहे" एवढंच म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर लिहितोय म्हणून हसशील. नेट आणा, नेट आणा म्हणून ग्रामसभेत टेबल बडवणारा माणूस आज पोस्टाचं पाकीट घ्यायला बदलापूरला जाऊन आला. आपला राउटर मी काढून कपाटात ठेवलाय. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत असला की मला त्या खोलीत बसवत नाही.

बातमी अशी, की उद्या चौकशीचे साहेब शाळेत बसून शेवटचे जबाब घेणार आणि गुरुदत्तची फाईल बंद होणार. कागदावर कायमचं राहणार ते असं: गुरुदत्तने खांबावर चढण्याआधी चुकीच्या डब्यातले फ्यूज काढले, चालू तारेला हात लागला आणि तो स्वतःच्या निष्काळजीपणाने गेला. शेजारच्या वेणूकाकूंनी सांगितलंय, की तो पडला तेव्हा त्यांच्या घरात पंखा फिरत होता, म्हणजे आळीत करंट होता. लाईनमन जनूने त्याला परवानगी तोंडीच दिली होती, त्यामुळे तो मान खाली घालून बसतो आणि काही विचारलं की म्हणतो, साहेब लिहितील ते बरोबर. मलाही उद्या बोलावलंय. आपल्या दारासमोरचा खांब, म्हणून.

त्या खांबावर शाळेच्या लाईनचं वेटोळं अजून तसंच लटकतंय. शिरगावचा केबलवाला, गुरुदत्तचा मालक, हेडमास्तरांचा फोन उचलत नाही. शाळेतल्या सात कॉम्प्युटरांवर जुन्या चादरी टाकून ठेवल्यात. वेशीवर "डिजिटल गाव जांभूळ" असा बोर्ड आहे, त्याच्याखाली शेळ्या बसतात.

तुझी आई गेली त्या वर्षी तू पंपहाऊसच्या टाकीवर चढून रेंज पकडायचीस, आठवतं? मी खाली ड्युटीवर, तू वर लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि मी दर दहा मिनिटांनी ओरडायचो की कठड्याला टेकू नकोस. पुढे नोकरी लागल्यावर तू शिरगावला मैत्रिणीच्या, कीर्तीच्या गॅलरीत बसून काम करायला लागलीस. रोज जायचं, रोज यायचं, आणि एक दिवस म्हणालीस, बाबा, पुण्याला खोली घेते. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, रस्ता मागाहून द्या, गटार मागाहून द्या, आधी फायबर आणा, नाहीतर गावात म्हातारे आणि कुत्रीच उरतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नंतर वर्षभर "फायबरनाना" म्हणून चिडवलं. गावाच्या भल्यासाठी बोलतोय असं सगळ्यांना वाटलं. प्राची, मला गावाचं काही पडलेलं नव्हतं. मला फक्त तू घरी हवी होतीस.

फायबर आलं ते गुरुदत्तच्या खांद्यावरून आलं. शिरगावपासून इथवर त्याने खांबाखांबाला ती काळी दोरी बांधत आणली. आपल्या ओटीवर बसून तो केसाएवढ्या काचेच्या तारा जोडायचा तेव्हा मी शेजारी बसून बघायचो. नाना, यातून करंट जात नाही, उजेड जातो, असं तो मला दर वेळी नव्याने सांगायचा. मीही दर वेळी नव्याने "असं होय" म्हणायचो. पण फायबरला करंट नसला तरी ज्या खांबांवर ते बांधायचं तिथल्या तारा उघड्या, हे मला दिसत होतं. म्हणून मी त्याला पंपहाऊसचा नियम शिकवला. मोटरला हात घालायचा तर आधी फ्यूज काढायचे आणि ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवायचे. पाटी लावून भागत नाही, पाटी न वाचणारा कुणीतरी असतोच. फ्यूज खिशात असले की जगात कुणी तुझ्या तारेत करंट सोडू शकत नाही, असं मी त्याला म्हणालो होतो. एकतीस वर्षं मी तसंच केलं. त्यानंतर तो प्रत्येक वेळी खांबावर चढण्याआधी मला बघून शर्टाचा खिसा थोपटायचा.

तुझं आणि गुरुदत्तचं मला माहीत होतं. नेट चांगलं चालत असतानाही आठवड्यातून दोनदा "स्पीड तपासायला" कोण येतं? मी मुद्दाम म्हणायचो, गुरुदत्त, आज जरा कमी वाटतंय, आणि तू वरच्या खोलीत लाल व्हायचीस. भात झोडून झालं की मी त्याच्या आईकडे, गोदूवहिनींकडे रीतसर बोलायला जाणार होतो. बाजारातून त्यांच्यासाठी शाल आणायचंही ठरवलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, पण तुला कळलेलं बरं.

पावसाळ्यात लाईट सारखी जायला लागली तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारातून जुना जनरेटर आणला, तो खटारा. दुकानदार धर्मेशभाई म्हणाला, "चाचा, चेंजओव्हर स्विच जरूर लगवा लो, नहीं तो किसी दिन बडा लफडा हो जाएगा." तो स्विच असला की घर एकतर बाहेरच्या तारेला जोडलेलं राहतं, नाहीतर जनरेटरला. दोन्हीला एकदम कधीच नाही. मला त्याचा राग आला. एकतीस वर्षं मोटरी चालवलेल्या माणसाला हा बाजारातला दुकानदार शिकवतो! घरी येऊन मी दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर बनवली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं परसातल्या प्लगमध्ये, झालं काम. फक्त आधी घराचा मेन स्विच पाडून बंद करायचा. तो पाडला नाही तर जनरेटरचा करंट घरातून उलटा बाहेर जातो आणि खांबावरच्या तारेत शिरतो. हे मला ठाऊक होतं. मला, प्राची. गावात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी तुझी वरच्या जागेची मुलाखत होती. ती मिळाली तर कायम घरूनच काम, पुणं नाही. साडेनऊला सुरू होऊन साडेदहाला संपणार असं तू म्हणाली होतीस, म्हणून गुरुदत्तने शाळेच्या लाईनचं काम अकराचं धरलं. अकराला पाच कमी असताना तो दारावरून गेला आणि विचारलं, "नाना, काढू ना फ्यूज?" तुझी खोली शांत होती. मी वर येऊन पाहायला हवं होतं. मी ओटीवरूनच म्हणालो, "काढ." त्याने आळीच्या डब्यातले फ्यूज काढून लाईट बंद केली, परत येताना खिसा थोपटला आणि खांबाकडे गेला. थोड्या वेळाने तू वरून ओरडलीस, की बाबा, साहेब उशिरा आलेत, आत्ताच सुरू झालंय, राउटरची बॅटरी संपत आलीय, नेट गेलं तर सगळं जाईल.

मी परसात धावलो. मेन स्विच ओटीवर, आणि त्याच्यासमोर नव्या भाताची पोती. पोती मीच रचली होती. ती हलवायला वेळ लागला असता. मी मनात म्हणालो, आधी चालू करतो, मग मेन पाडतो. एवढंच. इतकी वर्षं जो क्रम चुकला नाही तो मी त्या दिवशी माझ्या हाताने उलटा केला. वायर लावली, दोरी ओढली. चार-पाच वेळा ओढल्याशिवाय न खोकणारा तो जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी ओटीवर येऊन पहिलं पोतं ओढलं, दुसऱ्याला हात घातला, आणि वेणूकाकू तिकडून म्हणाल्या, "आला गं बाय करंट!" मला तेव्हाच कळलं. मी हाक मारेपर्यंत त्यांची किंकाळी ऐकू आली.

पुढचं तू पाहिलंस. पंचनाम्यात त्याच्या शर्टाच्या खिशात तीन फ्यूज सापडले. संध्याकाळी जनूने तेच तीन परत बसवले आणि आपल्याच आळीत दिवे लागले. फ्यूज बरोबर होते. जनूने ते पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

तीन महिने मी स्वतःला सांगत राहिलो, की तुझ्यासाठी गप्प आहे. मी तोंड उघडलं तर जनरेटर कुणासाठी चालू केला हेही बाहेर येणार, आणि तुला जन्मभर वाटत राहणार की आपल्या मुलाखतीपायी गुरुदत्त गेला. बापाने पोरीला यातून वाचवायचं असतं, असं म्हणून मी रात्री कूस बदलायचो. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे मी भेदरलो होतो. या वयात पोलीस, कोर्ट, आणि गावात "फायबरनाना"चं काय झालं असतं ते.

मागच्या आठवड्यात गोदूवहिनी आल्या. पायरीवरच बसल्या, पाणीही घेतलं नाही. त्यांना कुणीतरी चौकशीचा कागद वाचून दाखवला होता. म्हणाल्या, "नाना, तुमीच त्याला शिकवला ना? मंग मना सांगा, माजा पोर चुकला का?" मी मान हलवून नाही म्हणालो असतो तरी पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, घाईत होतं कधीकधी माणसाकडून." त्या हळूच उठल्या. जाताना म्हणाल्या, "मना वाटलाच." प्राची, त्या बाईने मुलगा गमावला होता, आणि तो शहाणा होता हा विश्वास तेवढा तिच्याजवळ उरला होता. तोही मी काढून घेतला.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल तुझ्या आईची ट्रंक उघडली. गोदूवहिनींना आईची एखादी शाल द्यावी असं मनात होतं, कशाच्या तोंडाने देणार होतो कोण जाणे. साड्यांच्या तळाशी ती वायर होती. त्या दिवसापासून ती कुठे गेली ते मी शोधलं नव्हतं, सापडू नये असंच वाटत होतं. जनरेटर पेट्रोल संपून आपोआप बंद पडला असेल असं मी धरून चाललो होतो. वायर नीट गुंडाळलेली होती, तू चार्जरची गुंडाळतेस तशी, आणि वर तुझं केसांचं काळं रबर. म्हणजे मी खांबाकडे धावलो तेव्हा तू खाली आलीस, जनरेटर बंद केलास, वायर उपटलीस, सगळं समजलीस आणि बापाला वाचवण्यासाठी ती आईच्या साड्यांखाली लपवलीस. मग बाहेर येऊन गुरुदत्तच्या उशाशी बसलीस. पोलिसांना सांगितलंस, मी वर कॉलवर होते, मला काही माहीत नाही. आणि पुण्याला गेलीस, कारण माझ्यासमोर बसून जेवणं तुला शक्य नव्हतं. मी तुला ज्याच्यापासून वाचवत होतो ते तू पहिल्या मिनिटापासून एकटी उचलून चालली होतीस. पोरी, मला माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही, तरी म्हणतो.

उद्या सकाळी आधी गोदूवहिनींच्या दारात जाणार आहे. त्यांचा पोर चुकला नव्हता, हे त्यांना साहेबांच्या आधी कळलं पाहिजे. तिथून वायर घेऊन शाळेत. फ्यूज बरोबर होते, चूक माझी, हे लिहून सही करणार. वायर मीच लपवली होती असंही सांगणार, तेवढं एक खोटं मला बोलू दे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी कुठे असेन माहीत नाही, पण धावत येऊ नकोस, आणि वाचून झालं की फाडून टाक. तुझ्या मुलाखतीने कुणी गेलं नाही. मेन मी पाडला नाही. तुझं रबर या पाकिटात घातलंय. ते वायरवर राहायला नको.

तुझाच,
बाबा