फ्रीज, पळी आणि कानबाईचे रोट

२८ जुलै, सोमवार
काल वरणाचं अख्खं पातेलं उरून गटारात गेलं. पांडेसऱ्यात हॉटेलवाल्यांची मीटिंग होती. एका संस्थेच्या मॅडमनी सांगितलं, अंदाज घेऊन शिजवा, उरलं तर ताजं असतानाच गरजूंना द्या. मी एक पाऊल पुढे. जुना फ्रीज आणून खानावळीच्या दारात ठेवला. उरलेलं त्यात, भुकेल्याने घ्यावं. बायको, जयश्री, म्हणते, आधी सकाळी मेंबरांना विचारा, जेवायला कोण येणार. बायकांची झेप एवढीच. काही उरलंच नाही तर फ्रीजमध्ये काय ठेवू?
शिवाय आजपासून राग बंद. सगळं प्रेमाने.

२९ जुलै, दुपार
कापडाच्या लूमवर कामाला असलेल्या मेंबर बळीरामने ताटात भात टाकला. प्रेमाने समजावलं. पळी हातात होती, ती लागली. त्याने स्टीलचा ग्लास माझ्या कपाळावर हाणला. टाके पडले. खानावळ सोडतो म्हणाला. येईल परत. लिंबायतमध्ये अशी शेवभाजी दुसरीकडे कुठे?

३१ जुलै
प्रतिसाद जोरदार. माझेच मेंबर आत जेवायचं सोडून फ्रीजच्या लाइनीत. दोघांची गचांडी धरली. तिसरा अंगठ्याला चावला. तरी फ्रीज दुपारीच रिकामा. इज्जतीचा प्रश्न. उद्यापासून उरेल इतकं जास्त शिजवायचं.

४ ऑगस्ट, सोमवार
निंबाआबांकडे, म्हणजे थोरल्या चुलतभावाकडे, कानबाई देवीचं विसर्जन झालं. नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड गोड पोळ्या, ढीगभर. पुनवेच्या आत भाऊबंदांनीच संपवायचे, टाकायचे नाहीत. दरवर्षी तिसऱ्या दिवशी रोट बघून सगळे तोंड लपवतात. मग हेच सरप्लस नाही का? मी टोपली मागून आणली. आबा खूश झाले, माझी पाठ थोपटून म्हणाले, योगराजची भूक मोठी.
जयश्री आडवी आली. "रोट भाऊबंदमाच खावाना ऱ्हास. भाईरनासले देवाना नही." मी म्हटलं, आई सगळ्यांचीच. उद्या मॅडम फोटो काढायला येणार, फ्रीज भरलेला दिसला पाहिजे.

५ ऑगस्ट, संध्याकाळ
फोटो झकास आला. रोट तासात फस्त. बळीरामही खाऊन गेला. त्याला माफ करणार होतो, तेवढ्यात आबा आले. मागे अख्खी भाऊबंदकी. फोटो त्यांच्या ग्रुपवर पोचला होता.
"आईना रोट तू गल्लीमा वाटी टाकात?"
शांततेसाठी मी हात वर केला. हातात पळी होती. आबांच्या कानाला लागली.
मग बाकडं, लाटणं, फ्रीजचं दार, जे मिळेल त्याने मारलं. फ्रीज माझ्या पायावर आडवा झाला. बळीराम धावत आला. वाटलं, सोडवायला. त्याने माझा जबडा फोडला.
एकंदरीत विषय लोकांपर्यंत पोचला.

८ ऑगस्ट
जबडा बांधलाय, पाय प्लास्टरमध्ये. पुढच्या वर्षी कानबाईला मला बोलावणार नाहीत. वाईट वाटलं. खूप वाटलं.
खानावळ जयश्री चालवते. सकाळी मेंबरांना विचारते, तेवढंच शिजवते. उरलीच चार पोळ्या तर गरम असतानाच नाक्यावरच्या मजूर बायकांना पाठवते. बळीरामसकट सगळे परत आलेत. फ्रीजच्या जाळ्यांवर ती ताटं वाळत घालते. म्हणजे माझी मोहीम यशस्वी.
मला फक्त पेज. आज अर्धी उरवली.
जयश्री समोर येऊन उभी आहे. हातात पळी आहे.
पेज संपवून बाकीचं लिहितो.