काप्लानसाहेबांचं पाकीट

१२ मे

सापडलं! आणि सापडायला नको होतं. पर्यटकांना शहर दाखवायची हंगामातली पहिली फेरी, म्हणून पिवळा रेनकोट बाहेर काढला, आतल्या खिशात हात घातला – वरच्या मजल्यावरच्या काप्लानसाहेबांचं पाकीट! तिकीट लावलेलं, चिकटवलेलं. वर घरमालक मस्यू पाकेट यांचा पत्ता, माझ्याच अक्षरात. मार्चमध्ये मला पोस्टात टाकायला दिलं होतं. "आत मी फ्रेंचमध्ये लिहिलंय," म्हणाले, "तुम्ही चुका काढत बसाल, म्हणून आधीच बंद केलं."

जागा सोडत असल्याची नोटीस ती. मार्चअखेर मालकाला मिळाली नाही, तर आमच्या मॉन्ट्रियलात भाडेकरार आपोआप वर्षभर पुढे चालतो. म्हणजे एक जुलैला हे टोरांटोला लेकीकडे जाणार आणि इथलं घर गळ्यात! कुणामुळे? पोस्टावरून रोज जाणाऱ्या या सोलांज बेलिलमुळे, म्हणजे माझ्यामुळे.

उद्या सांगते.

१३ मे

नाही सांगितलं.

२० मे

इंग्रजी फेरी. अठरा पाहुणे, आणि मागे नेहमीसारखे फुकटे काप्लानसाहेब, माझ्या चुका बोटांवर मोजत. नदीला पूर आला, शहराच्या संस्थापकाने नवस केला, पाणी ओसरल्यावर लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन डोंगर चढला – इथपर्यंत आले आणि मागून आवाज, "मादाम, फ्रेंच फेरीत हा क्रूस वीस मिनिटं चढतो. इंग्रजीत चार मिनिटांत वर कसा पोचला?"

"तुमच्या भाषेत सगळंच घाईत असतं!"

सगळे हसले. मी फ्रेंच बोलते, ते इंग्रजीत उत्तर देतात. एकोणीस वर्षं झाली, माघार कुणीच घेतलेली नाही. एका पाहुणीने विचारलं, तुम्ही नवरा-बायको का? दोघंही एकदम 'नाही' म्हणालो, दोन भाषांत.

फेरीचा शेवटचा थांबा आमचीच गल्ली. बाहेरचे वळणदार लोखंडी जिने पाहुण्यांना फार आवडतात. काप्लानसाहेब तोवर वर पोचून गॅलरीतून हात हलवतात. पुढच्या वर्षी तिथे कोण उभं राहणार?

३ जून

वर खोकी सरकवल्याचा आवाज. दिवसभर! लेक नेओमी फोनवर म्हणते म्हणे, "बाबा, या गुडघ्यांनी तो जिना? इथे लिफ्ट आहे." बरोबरच आहे तिचं. म्हणून तर राग येतो.

खरं सांगायचं तर मला तो माणूस जायला नकोय. बस. लिहिलं एकदाचं. मग मी पाकीट विसरले, की विसरून घेतलं? देवाशपथ, मला माहीत नाही.

२४ जून

आम्हा इथल्या फ्रेंच लोकांचा सण. गल्लीभर निळे झेंडे. काप्लानसाहेबांच्या गॅलरीतही एक, दरवर्षीसारखा, माझ्यासाठी. मेपलच्या पाकात शिजवलेल्या घेवड्याची वाटी घेऊन वर गेले. आज सांगायचंच! खोल्यांत खोकीच खोकी.

"घेवडा गोड झालाय," म्हणाले.

"दरवर्षी संपवता की!"

मग चमचा चाटत म्हणाले, "शेजारपाजारच्या सगळ्यांनी विचारलं, का चाललात. तुम्ही नाही विचारलंत."

मी वाटी उचलली आणि खाली आले. मूर्ख बाई!

२९ जून

सांगितलं. डोंगरावरच्या कठड्याशी, पाहुणे फोटो काढत असताना, एका दमात. शिव्या खायची तयारी होती.

त्यांनी विचारलं, "उघडून बघितलंत?"

"दुसऱ्याचं पत्र मी उघडत नसते!"

"एकोणीस वर्षं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलंत, आणि नेमकं इथेच नाही?" हसत सुटले. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच. "एक तारखेला उघडा. त्याआधी नाही."

यात हसण्यासारखं काय आहे? घर गळ्यात पडलंय माणसाच्या!

१ जुलै, सकाळ

अख्खं शहर एकाच दिवशी घर बदलतं, आमची जुनी खोड. समोरच्या जिन्यात फ्रिज अडकलाय. वरचा म्हणतो ओढ, खालचा म्हणतो ढकल, दोघं दोन भाषांत. फुटपाथवर गाद्या, कुंड्या, एक मांजर.

आठ वाजता ट्रक आमच्या दारात थांबला. मी धावत बाहेर! पण तो शेजारच्यांचा निघाला. काप्लानसाहेब खोकी खाली आणवून कडेला मांडतायत. वर पाटी – 'हवं ते न्या'. आत नुसती जुनी मासिकं!

१ जुलै, दुपार

उघडलं.

'मस्यू पाकेट, मी कुठेही जात नाही. लेकीला जातो म्हणालोय, तिची समजूत मी काढीन. जिन्याची तिसरी पायरी हलते, तेवढी बघा. खालच्या सोलांजला यातलं काही बोलू नका. ती स्वतः "राहा" म्हणते का, ते मला पाहायचंय.'

फ्रेंचच्या अकरा चुका. आणि मी अजून म्हटलेलं नाही!

वर जाते.