भूमितीच्या वहीतलं नाताळचं गाणं

शिरूर, ११ डिसेंबर १९५८

सकाळी भूमितीची वही सरांना दिली आणि मग आठवलं, मागच्या पानावर मी नाताळच्या गाण्याचे स्वर लिहिलेत! चर्चमध्ये पेटी मीच वाजवते, पण मॅट्रिक तीन महिन्यांवर आलीय. सर "पेटी बंद" म्हणाले तर? त्यात बोर्डिंगमधली राहू गावची मार्था म्हणते, "आगं, सर वही मागनंच उघडत्यात."

संध्याकाळी वही परत मिळाली. प्रमेयावर लाल फुली. मागच्या पानावरही लाल शाई! "इथं कोमल नी हवा. प्रमेय दहा वेळा लिहिल्याशिवाय पेटीला हात लावू नकोस."

नऊ वेळा लिहून झालं. प्रमेय चुकलं, ते एक वेळ ठीक. पण माझा नी कसा चुकला?