ताप नसताना

१२ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मी ठीक. वाचनालयातल्या खालच्या फळ्या वाचून झाल्या. वरच्यांसाठी स्टूल मागते, तर ग्रंथपालबाई डोळे वटारतात.

तुमची भाची महिनाभर माझ्याकडे आहे. फोनवर मी 'सहज आलीय' म्हणाले, ते खरं नव्हतं.

ती रुग्णवाहिकेच्या फोनवर बसते ना, तिथे दोघींचं काम एकटीच ओढत होती. आधी नुसती दमायची, चिडायची. मग चिडणंही थांबलं. इथे आली, आणि परत जायच्या सकाळी एका पायात बूट घालून तासभर खाटेवर बसून राहिली. म्हणाली, "आई, थर्मामीटर आणू नकोस. ताप नाहीये मला."

आमच्या घरचा कायदा तुम्हाला माहीत आहे. ताप असेल तरच सुट्टी. मी थर्मामीटर आणला नाही. तिच्या साहेबीणबाईंना फोन लावला.

"ताप आहे का तिला?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. ती येणार नाही."

फोन ठेवला आणि तिच्या पायातला बूट काढला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधा थकवा विश्रांतीने उतरतो. पण ताण फार दिवस साचला की त्यातून औदासीन्य येऊ शकतं, आणि ते सुट्टीतही ठाण मांडून बसतं. गोळ्या चालू आहेत. आठवड्यातून एकदा बोलायला जाते.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. तुमचा भाऊ गेला त्या सकाळी तो मला म्हणाला होता, "ऑफिसात कळव, मला ताप आहे म्हणून." मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. "उठा, सोंगं पुरे," म्हणाले. दुपारी ते ऑफिसात टेबलापाशीच गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. पण वर्षभर तो माणूस घरात हसला नव्हता, आणि मला ते दिसत होतं. नऊ वर्षं तुम्ही विचारता, "जाताना काही बोलला का गं?" आणि मी नाही म्हणते.

काल तुमची भाची जेवताना म्हणाली, "आई, मीठ विसरलीस." कित्येक दिवसांनी पोरीला चव कळली. आयुष्यात स्वयंपाकाला नावं ठेवलेली मला इतकी गोड कधी लागली नव्हती.

मला काय बोलायचं ते बोला, पण रविवारी या. ती आत्याची वाट बघते आहे. मीही बघते आहे, जरा भीत भीत.

अजून म्हणत असाल तर,
तुमची वहिनी