हवा मारलेला शर्ट

प्रिय सुनीलचे बाबा,

तुमचं नाव लिहायला अजून हात धजत नाही, म्हणून ही अशी हाक. आज पत्र लिहायला बसले त्याचं कारण सांगते. आपला सुनील आजपासून तुमच्याच वर्कशॉपात कामाला लागला. मालकांनी तुमच्या जागी घेतला. संध्याकाळी मित्राच्या स्कूटरवरून दारात उतरला आणि मी त्याच्या शर्टाकडं बघतच राहिले. दिवसभर ग्राइंडरवर बिडाच्या लोखंडाचे भाग घासलेला पोरगा, आणि शर्टावर धुळीचा कण नाही!

तुम्हीही असेच यायचात. आठवतं? शेजारच्या आक्का चिडवायच्या, "तुजा नवरा हापिसात जातो का गं?" मी विचारलं की तुम्ही मिशीत हसायचात. "मंतर हाय आमच्याकडं," म्हणायचात. जळला मेला तो मंतर!

हवा मारून येता, हे मला कुठं ठाऊक होतं? तुम्ही गेल्यावर सगळं कळलं. पाळी सुटली की म्हणे तुम्ही दोघं दोघं उभे राहायचात. कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन एकानं दुसऱ्याचे कपडे झटकायचे, मग दुसऱ्यानं पहिल्याचे. पाठीपर्यंत आपला हात पोचत नाही, म्हणून प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. तुमचे शिवाजी भावजी. इतकं जिवाभावाचं काम, त्यात मरण असेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

त्या दिवशी सकाळच्या पाळीत मनगटाला चीर पडली होती, ती मला का नाही सांगितलीत? वर चिंधी बांधून आलात. हात फुगलेला पाहून मी ओरडले, तर म्हणालात, "इतकुसं तर हाय, कशाला बोंबलतीस?" मी बोट लावलं तर कातडीखाली भडंग चुरल्यासारखं कुरकुर वाजलं. चहाचा कप तुम्ही तसाच खाली ठेवलात. मग गळा सुजला, श्वास पुरेना. रिक्षातून सांगलीला नेलं, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं संपलं.

डॉक्टर म्हणाले, जखमेतून हवा आत शिरली. कातडीखालून छातीपर्यंत गेली, रक्तात गेली. हवा! जिच्यावर माणूस जगतो तीच! आष्ट्याला तुमच्या आईंना कळवायला मी एस.टी.डी. बूथवर गेले. मुलगा हवेनं गेला, असं कुठल्या तोंडानं सांगायचं होतं?

रागावू नका, पण मी अजून तुमच्यावर रुसलेली आहे. तुम्ही मळके आला असतात तर मी काय घरात घेतलं नसतं?

तुमच्यानंतर वर्कशॉपात पाटी लावली, अंगावर हवा मारू नये म्हणून. त्या पाटीवरची धूळसुद्धा हवेनंच उडवतात म्हणे.

आज सुनीलला समोर बसवून विचारलं, "हवा मारलीस?"

"व्हय. समदीच मारत्यात."

"तुझा बाप कशानं गेला रं?"

"आगं आई, त्यांच्या हाताला जखम हुती. माज्या हाताला हाय का कुठं?" असं म्हणून दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. स्वच्छ होते. पण ग्राइंडरवरच्या माणसाचे हात किती दिवस तसे राहणार? आणि कण डोळ्यात गेला तर? कपड्यावरची उडालेली भुकटी जाते कुठं, त्यांच्याच छातीत ना? मी सगळं बोलले. तो भाकरी मोडत राहिला. मग हळूच म्हणाला, "मळकं आलो तर गाडीवर मागं कोन बसवून घील? आन् पोरं म्हंत्यात, बापाच्या मरनाला भ्यालं."

काम सोड म्हणावं, तर दुसरं काम कुठाय?

तशीच उठून शिवाजी भावजींकडं गेले. म्हटलं, "भावजी, तुमी तरी त्याला सांगा." ते आपल्या हातांकडं बघत बसले. त्या दिवसापासून त्यांनी पाइप हातात धरलेला नाही. स्वतः धुळीनं माखून पायीच घरी येतात.

"वैनी, सांगितलं वं. लय सांगितलं. पोरं म्हनली, काका, तुमचं भ्या तुमच्यापाशी ठेवा. माज्याच हातनं झालं, माजं कोन ऐकनार?" आणि एवढा मोठा माणूस हमसून रडायला लागला. गेले होते मदत मागायला, आणि त्यांचीच समजूत काढून परत आले.

तुम्ही असता तर एका शब्दात ऐकलं असतं त्यानं. पण तुम्ही असता, तर हे सांगायची वेळच कशाला आली असती?

मग तुमची ट्रंक उघडली. आकाशी शर्ट वरच होता. सुनीलला आता खांद्यात बरोबर बसतो. पाळी सुटल्यावर मळका काढून हा घातला, तर हवा मारायची गरजच नाही. कपडे बदलायला तिथं खोली नाही, पाण्याच्या टाकीमागं उभं राहून बदलावं लागेल. पोरं हसतील, तो लाजेल, सगळं कळतं मला.

तरी तुम्हाला शब्द देते. उद्यापासून त्याच्या डब्याच्या पिशवीत हा शर्ट धुऊन, घडी करून ठेवीन. त्यानं घालावा म्हणून त्याच्यामागं तिथं जाऊन उभी राहू शकत नाही. पण घडी न मोडता परत आला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवीन. रोज ठेवीन.

तुमचीच,
सुनीलची आई